सापवाले सर, एक बरणी अन् सातवीतला पोरगा

हे प्रकरण भंडारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेतलं. गाव, तालुका, नावं सगळी काढली आहेत आणि दोन-चार खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. मी तेव्हा तिथं प्रभारी मुख्याध्यापिका होते, म्हणजे पगार शिक्षिकेचा आणि डोकेदुखी मुख्याध्यापकाची. लिहिते आहे कारण शिक्षकानं आपला छंद वर्गात आणावा असं हल्ली सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे, अजूनही म्हणते, पण आणायचा म्हणजे छंदातलं नेमकं काय आणायचं हे आमच्या लक्षात यायला एक रात्र दवाखान्यात काढावी लागली.

पार्श्वभूमी

गाव धानाचं. शाळेच्या तिन्ही बाजूनं बांध्या म्हणजे धानाची खाचरं, चौथ्या बाजूला जुना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. जूनच्या शेवटी शाळा उघडते आणि तेव्हाच पऱ्हे म्हणजे धानाची रोपं टाकायची घाई असते, मग जुलै-ऑगस्टात रोवणी. पाणी भरलं की साप धुऱ्यावर म्हणजे बांधावर येतात, धुऱ्यावरून सांदवाडीत म्हणजे परसात, तिथून कोठ्यात म्हणजे गोठ्यात आणि घरात. तणसाचे ढीग, सरपण, कोंबड्या, उंदीर, सगळी सोय त्यांची आम्हीच करून ठेवलेली. त्यामुळं साप दिसला ही इथं बातमी नसते, चावला तर असते.

पाच वर्षांआधी बदलीवर एक सर आले, विज्ञान-गणिताचे. त्यांना कॉलेजपासून साप पकडायचा नाद. वनविभागाचे लोक त्यांना ओळखायचे, रात्री-बेरात्री फोन आला की सर बाईकला किक मारून निघायचे, साप बरणीत भरायचे आणि जंगलात नेऊन सोडायचे, कोणाकडून एक रुपया घ्यायचे नाहीत. महिनाभरात पोट्ट्यांनी त्यांचं नाव ठेवलं सापवाले सर.

छंद आमच्या शाळेत आधीपासूनच होते तसे. एक सर खंजेरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात, त्यांच्या वर्गाचा परिपाठ सगळ्यात भारी. दुसरे एक सर झाडीपट्टीच्या नाटकात काम करतात, दिवाळीपासून होळीपर्यंत सीझन, रात्रभर स्टेजवर आणि सकाळी डोळे लाल घेऊन शाळेत, त्यावर आमचे खटके उडायचे पण पोरांना पाठातले संवाद म्हणायला शिकवावं तर त्यांनीच. या दोघांच्या छंदाची कोणाला भीती वाटली नाही. खंजेरी चुकली तर बेसूर होते, बस.

सुरुवात कशी झाली

जुलैतली गोष्ट. स्वयंपाकखोलीत तांदळाच्या पोत्यामागं धामण निघाली, भली मोठी. पोषण आहाराच्या ताई ओरडत बाहेर, पोरं गोळा, सर शांतपणे आत गेले आणि दोन मिनिटात शेपूट धरून बाहेर आले. टाळ्या. मीही वाजवल्या. मग सर म्हणाले मॅडम आता हातात आलीच आहे तर सातवीला दाखवतो, आणि मी म्हणाले दाखवा ना.

तो तास मी दारात उभी राहून पाहिला आणि खरं सांगते, माझ्या नोकरीत पाहिलेल्या दोन-तीन उत्तम तासांपैकी तो एक. साप लिबलिबीत नसतो, कोरडा असतो, हे पोरांनी हात लावून पाहिलं. जीभ बाहेर काढतो ती चावायला नाही, हवेतल्या वासाचे कण गोळा करायला, आणि ते टाळूतल्या एका अवयवाकडं पोचवायला. बाहेरून कान नसतात, पुंगीवर डोलतो ते पुंगीच्या हालचालीवर. दूध पीत नाही. मागच्या बाकावरची एक पोरगी, जी हजेरीला सुद्धा नुसता हात वर करायची, तिनं विचारलं, "सर, त्याले पापण्याच नाहीत तर तो झोपते कसा जी?" सर इतके खुश झाले की फळ्यावर डोळ्याची आकृतीच काढली, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, चष्म्याच्या काचेसारखा, तो कातीबरोबर निघतो वगैरे.

मी फोटो काढला आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर टाकला. पंधरा-वीस अंगठे आले, एकानं लिहिलं उपक्रमशील शिक्षक. हा माझा पहिला निर्णय, तेव्हा तो निर्णय आहे हेच मला वाटलं नव्हतं.

अडचण हळूहळू वाढली

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी काहीतरी यायचं. ढोंड्या आला, तस्कर आला, एकदा कवड्या आला, सगळे बिनविषारी. सर दाखवायचे, समजवायचे, संध्याकाळी सोडायचे. मग शाळेच्या वेळात फोन यायला लागले, अमक्याच्या घरी निघाला, सर या. आता एखाद्याच्या घरात लेकरू झोपलंय आणि वर आढ्याला नाग आहे तर मी कोणत्या तोंडानं म्हणू की सर अपूर्णांकाचा तास संपवून जा? जाऊ द्यायचे, वर्ग मी सांभाळायचे. पण चारपैकी तीन वेळा तसं काही नसायचं, सांदवाडीत ढोंड्या असायचा आणि त्याला तसाच जाऊ दिला असता तरी चाललं असतं.

एकदा सर दुपारी नाग घेऊन आले आणि संध्याकाळी सोडतो म्हणून बरणी स्टाफरूमच्या कपाटावर ठेवली. झाकणाला भोकं, वर वीट. मी म्हटलं सर हे जरा जास्त होतंय. ते म्हणाले मॅडम दोनच तास. मी गप्प राहिले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात साप पकडून बाळगणं, लोकांना दाखवणं बसत नाही, त्यांना जे काही चालवून घेतलं जातं ते घरात निघालेला साप सुखरूप सोडण्यापुरतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि थोडंफार मलाही. तरी गप्प राहिले कारण त्या वर्षी आमच्या शाळेचं नाव होत होतं.

या सगळ्यात दोन खुणा होत्या ज्या मी डोळ्यानं पाहिल्या आणि डोक्यात घेतल्या नाहीत. एक म्हणजे मधल्या सुट्टीतला खेळ. एक पोट्टा दोरी ओढायचा, दुसरा काडी घेऊन तिची शेपटी पकडायचा, पकडली की ती वर धरून सगळ्यांना दाखवायची, दाखवणारा सर. दुसरी खूण नागपंचमीची चित्रं. विषय दिला होता साप, शेतकऱ्याचा मित्र. आलेल्या चित्रांत उंदीर खाणारा साप दोन-तीनच होते, बाकी सगळ्यांत एक माणूस होता पॅन्ट-शर्टातला, साप शेपटीला धरून हात उंच केलेला. म्हणजे पोरांनी सरांकडून काय घेतलं हे त्यांनी आम्हाला कागदावर काढून दिलं होतं आणि मी ती चित्रं व्हरांड्यात ओळीनं टाचली, वर लिहिलं सुंदर.

ती रात्र

ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या आसपास, रात्री साडेनऊला सरांना फोन आला आणि मग सरांचा मला. सातवीतल्या एका पोराला कोठ्यात साप चावला होता. चावला म्हणजे, त्यानं धरला होता म्हणून चावला.

झालं असं की बैलांना तणस टाकायला गेला तर भिंतीच्या कडेला काळपट, पांढरे पट्टेवाला साप दिसला. त्यानं लहान भावाला आणि शेजारच्या दोघांना बोलावलं, बघा म्हणे मी सरांसारखा धरतो, तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या, काठीनं दाबला, शेपूट धरली, हात उंच केला आणि साप वळून अंगठ्याजवळ डसला.

घरच्यांनी आधी मनगटावर दोरी बांधली, मग कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतो म्हणाला म्हणून जरा धीर आला, कोणीतरी मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याकडं निघालं होतं पण काकानं बाईक काढली आणि पोराला मधे बसवून ग्रामीण रुग्णालय गाठलं. साप मारून पन्नीत म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत घेतला होता.

आम्ही पोचलो तेव्हा पोरगा खाटेवर बसून होता, घाबरलेला पण ठीक. डॉक्टर दर थोड्या वेळानं त्याला वर बघायला सांगत होते, पापण्या खाली येतात का ते पाहायला. कारण पांढरे पट्टे म्हणजे मण्यार असू शकते, मण्यारचं विष नसांवर जातं, चावलेल्या जागी सूज नाही, दुखत नाही, कधीकधी खूण सुद्धा दिसत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास. रक्त काढून काचेच्या ट्यूबमध्ये वीस मिनिटं स्थिर ठेवलं होतं, गोठतं की नाही बघायला, ते परडीसाठी म्हणजे घोणसीसाठी.

सरांनी पन्नी उघडली. टॉर्च धरला मी. इतकी वर्षं जिवंत नाग सहज हाताळणारा माणूस, पण त्या मेलेल्या सापाला उलटं करताना त्यांची बोटं थरथरत होती. पट्टे मानेपासूनच सुरू होते आणि शेपटीकडं पुसट होत गेलेले. कवड्या. बिनविषारी. मण्यारचं बहुतेक उलटं असतं, डोक्याकडं पट्टे नसतात किंवा पुसट, शेपटीकडं दाट आणि जोडी-जोडीनं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी सापावर नाही, पेशंटवर उपचार करतो, सकाळपर्यंत इथंच राहील. बरोबरच होतं त्यांचं.

पोराला मी विचारलं, तू धरलाच कसा रे, विषारी असता तर? तो म्हणाला, "कवड्या होता ना मॅडम, सरच सांगत होते, कवड्याले विष नसते." मी विचारलं कवड्या आहे हे तुला कसं कळलं. "पट्टे होते ना जी."

सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी ते ऐकलं. सकाळपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

पर्याय काय होते

तिसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली. एरवी सात-आठ लोक येतात, त्या दिवशी व्हरांडा भरला. पोराचा बाप उभा राहिला, "तुमीच शिकवलं ना जी पोट्ट्याले साप धराले. गणित शिकवाले ठेवलं का साप शिकवाले?" यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, मेला असता तर मुंडे योजनेतून दोन लाख आले असते, ते घेऊन काय केलं असतं बाप्पा. (गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाचा मृत्यू धरतात, मदत दोन लाख.) ते ऐकून सगळे गप्प. आणि मग मागून एक बाई, "सरले काढाल तर आमच्या घरी निघल तवा कोन येईन?" म्हणजे गावाला सर रात्री हवे होते, दिवसा नको होते. मला त्यात काही चूक वाटली नाही.

पहिला पर्याय सरळ होता, शाळेत सापाचं नाव घ्यायचं नाही. बापाला हेच हवं होतं, मलाही दोन दिवस हेच हवं होतं. पण पोरं आता अर्धं शिकलेली होती आणि ते अर्धं घेऊन कोठ्यात फिरत होती. पट्टेवाला म्हणजे कवड्या, कवड्या म्हणजे बिनविषारी. हे इथंच सोडून देणं म्हणजे दुसऱ्या पोराची वाट बघणं.

दुसरा सरांनी स्वतः मांडला, फक्त बिनविषारी दाखवतो, धामण-ढोंड्या वगैरे, दुरून, हात न लावता. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण पोरानं धरला होता तो बिनविषारीच. बिनविषारी सापाशी केलेली सलगी मुलाच्या डोक्यात साप या शब्दाशी बसते, तिथं जात-प्रजात येत नाही. यावर माझं आणि सरांचं चांगलंच वाजलं, ते म्हणाले मग भीती तशीच राहणार, लोक दिसेल तो साप मारणार. तेही खोटं नव्हतं.

तिसरा केंद्रप्रमुखांनी सुचवला, वर्षातून एकदा वनविभाग आणि आरोग्य विभागाचा कार्यक्रम घ्या. असे कार्यक्रम मी पाहिले आहेत, खुर्च्या, हार, माईकची शिट्टी, प्रास्ताविक, आभार. पोरं उन्हात बसतात, काही राहत नाही डोक्यात. तो घ्यायचा तर घेऊ, पण त्यावर विसंबता येत नव्हतं.

आणि एक पर्याय बापानं चिठ्ठीवर लिहूनच आणला होता, वर तक्रार करून सरांची बदली. मी म्हटलं तुम्ही तक्रार कराल तर तुमचा हक्क आहे, पण अहवाल मी स्वतःच पाठवते आहे. आणि पाठवला. त्यात बरणी शाळेत ठेवायला माझी मूक परवानगी होती आणि फोटो मी टाकला होता हेही लिहिलं. नवरा म्हणाला कशाला स्वतःच्या पायावर धोंडा. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी दोघांकडून खुलासा मागवला, तो दिला, समज मिळाली, तिथं विषय मिटला. लपवलं असतं आणि नंतर बाहेर आलं असतं तर एवढ्यावर निभावलं नसतं.

काय केलं

साप शाळेच्या फाटकाच्या आत येणार नाही, जिवंत नाही, मेलेला नाही, बरणीत नाही. हे एका ओळीत ठरलं. याहून महत्त्वाचं पुढचं होतं, शाळेतच साप निघाला तर काय? ठरलं की आधी सगळी पोरं वर्गात, दारं बंद, मग सर पकडतील, प्रेक्षक नाही, फोटो नाही, टाळ्या नाहीत. हे सरांना लागलं. मला म्हणाले, मॅडम, चोरासारखं पकडू का आता? मी म्हटलं, हो. त्या टाळ्यांनीच घात केला होता.

शाळेच्या वेळातल्या फोनसाठी वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आणि जवळच्या गावांतल्या दोन सर्पमित्रांचे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतले, शेजारी अॅम्ब्युलन्सचा १०८. माणूस अडकलाय अशी वेळ असेल तरच सर तास सोडून जाणार.

आता वर्गात काय. इथं जे झालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. सरांच्या डाव्या हाताचं एक बोट पुरतं वाकत नाही, आम्हाला वाटायचं जन्मापासून असेल. त्या दिवसांत एकदा चहा घेताना ते म्हणाले की ही परडीची देणगी आहे. पंचविशीत असताना चावली, हात कोपरापर्यंत सुजला, लघवीतून रक्त, आठवड्यावर दवाखान्यात, आई पदराला गाठी मारत बाहेर बसलेली. मी विचारलं, हे तुम्ही पोरांना कधी सांगितलं? म्हणाले, नाही, पोरं घाबरतील म्हणून. थोडं थांबून म्हणाले, आणि मलाच सांगायला आवडत नाही.

मी म्हटलं हेच सांगा. त्यांनी पंधरा दिवस टाळलं. मग एका शनिवारी सहावी-सातवी एकत्र बसवून सांगितलं, बोट दाखवलं, चूक कशी झाली तेही, की दोस्त बघत होते म्हणून हूक न वापरता हातानं उचलली. वर्गात पेन पडलं तरी ऐकू आलं असतं. चावलेला पोरगा पहिल्या बाकावर होता, तो सरांच्या बोटाकडं बघत होता, चेहऱ्याकडं नाही.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. जुन्या साड्यांच्या पट्ट्या शिवून, आत लाकडाचा भुसा भरून पोरांनी साप बनवले, खऱ्या मापाचे. मण्यार आणि कवड्या शेजारी शेजारी, पट्टे कुठून सुरू होतात ते पट्टीनं मोजून रंगवलेले. नागाच्या फण्यावरचा आकडा, परडीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या तीन रांगा, फुरशाच्या डोक्यावरचं बाणासारखं चिन्ह. गंमत म्हणजे मण्यार-कवड्या ओळखायची परीक्षा घेतली तेव्हा टॉर्च बंद करून, दहा फुटावरून, दोन सेकंद दाखवून घेतली. जवळपास सगळे चुकले. सरही एकदा चुकले, मुद्दाम की खरंच ते मला माहीत नाही. पोरांना त्या दिवशी कळलं की रात्री कोठ्यात ओळखायचं नसतंच, मागं सरकायचं असतं.

आनंददायी शनिवारच्या तासात घरांची पाहणी केली. जमिनीवर कोण झोपतं, खाटेवर कोण, मच्छरदाणी आहे का आणि असली तर गादीखाली खोचतात का, रात्री बाहेर जाताना टॉर्च, सरपण भिंतीला टेकून आहे का, खुराडं झोपायच्या खोलीला लागून आहे का. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, खोचलेली मच्छरदाणी एवढं साधं काम करते हे सरांनी समजावलं. त्यांनी फळ्यावर एक आकडाही लिहिला होता, २००० ते २०१९ या वर्षांत देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज, २०२० मध्ये आलेल्या अभ्यासातला, बहुतेक खेड्यातली. पोरांवर त्या आकड्याचा काही परिणाम झाला नाही. खुराडं कोणाच्या घरी कुठं आहे यावर मात्र अर्धा तास भांडण चाललं.

आणि झाडीपट्टीवाले सर. त्यांनी दहा मिनिटांची नक्कल म्हणजे छोटं नाटुकलं बसवलं, भाऊबीजेनंतर गावची मंडई म्हणजे जत्रा असते तिथं करायला. पुजारी, बायको, डॉक्टर, आणि दोरी बांधू नका, हाड मोडल्यासारखा हात लाकडाला हलकाच बांधून स्थिर ठेवा, चिरू नका, चोखू नका, चावल्याची वेळ लिहा, असं ओरडणारी पोरगी. पुजाऱ्याचं काम सातवीतल्या त्याच पोरानं केलं आणि सगळ्यात जास्त हशा त्यानंच घेतला.

काय झालं

सगळं गोड झालं नाही. दिवाळीपर्यंत पोरं रोज विचारायची, सर खरा साप आना ना, आणि चिंध्यांच्या सापाला दोन पोरांनी उघडपणे नावं ठेवली. ज्या पोरीनं पापण्यांचा प्रश्न विचारला होता ती पुन्हा गप्प झाली, वर्ष संपेपर्यंत तिचा तसा प्रश्न आला नाही, आणि हे नुकसान मी खातेवहीत लिहूनच ठेवलं आहे. सर स्वतः दोन-तीन महिने नुसते पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचे. घरांच्या पाहणीतून फार घरं बदलली नाहीत. सरपण हलवलं काहींनी, खाटा काही विकत आल्या नाहीत, खाटेला पैसे लागतात.

नोव्हेंबरात भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान कापताना एका बाईला धुऱ्यावर परड चावली. सहावीतली तिची पोरगी सोबत होती. मोठ्या माणसांनी घोट्याच्या वर ओढणी करकचून बांधली, पोरगी ओरडत होती बांधू नका, कोणी ऐकलं नाही, पण तिनं पेननं स्वतःच्या तळहातावर वेळ लिहिली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं किती वाजता, तर पाच जणांनी पाच वेळा सांगितल्या आणि तिनं हात पुढं केला. इंजेक्शनच्या बाटल्या लागल्या, पुढं जिल्ह्याला न्यावं लागलं, बाई वाचली.

पण त्यातूनच आमची एक चूक बाहेर पडली. आमच्या नकलेत शेवटी पोरगी पुढं होऊन बांधलेली दोरी फटकन सोडते, टाळ्यांची जागा होती ती. दवाखान्यातले डॉक्टर सरांना म्हणाले, बांधू नका हे बरोबर, पण कोणी आधीच आवळून बांधलं असेल तर ते घरी झटक्यानं सोडू नका, अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं, डॉक्टरसमोर सोडा. म्हणजे मंडईत आम्ही शेकडो लोकांसमोर चुकीचं दाखवून बसलो होतो. नक्कल बदलली, डॉक्टरांना वाचून दाखवली, पुढच्या वर्षी बदललेली केली. आधीच वाचून घ्यायला काय झालं होतं, दवाखाना काही विलायतेत नव्हता.

आता परत केलं तर

धामण निघाली त्या दिवशी मी काय केलं असतं याचा विचार खूपदा करते. तो तास मी रद्द केला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर तो तास हवाच होता, पापण्यांचा तो प्रश्न जिवंत सापाशिवाय आला नसता असं मला अजून वाटतं आणि म्हणून माझं उत्तर डळमळीत आहे. पण धामण पोरांच्या हातात दिली नसती, आणि सरांच्या बोटाची गोष्ट त्याच दिवशी, साप समोर असताना सांगायला लावली असती. ती माहीत नव्हती हे खरं, पण विचारलंही कुठं होतं? खंजेरीवाल्या सरांना मी कधी विचारलं नाही शिकायला किती वर्षं लागली, कारण तिथं ते न विचारता चालतं.

फोटो टाकला नसता. फोन आला की तास कधी सोडायचा आणि कधी नाही हा नियम पहिल्याच फोनला ठरवला असता, दहाव्याला नाही. आणि चित्रं टाचायच्या आधी नीट पाहिली असती. पोरांनी काय घेतलं हे विचारायला चाचणी लागत नाही, मधल्या सुट्टीत काय खेळतात ते उभं राहून पाहिलं तरी पुरतं, पण मधल्या सुट्टीत मी पोषण आहाराच्या नोंदी भरत असते.

सरांची वर्षभराआधी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली, ऑनलाइन, कोणाच्या तक्रारीनं नाही. भुशाचे साप शाळेतच आहेत, मण्यारीला उंदरानं एका जागी कुरतडलं होतं ते पाचवीच्या पोरांनी शिवून घेतलं.

तो पोरगा आता हायस्कूलला आहे. रविवारी बसनं सरांच्या नव्या गावी जातो. सर त्याला काठीला हात लावू देत नाहीत, फक्त वही लिहायला लावतात, कोणाचं घर, किती वाजता, साप कुठं सापडला, सरपण कुठं होतं, खुराडं कुठं, लोक काय बोलत होते. दोनशे पानांची एक वही भरली म्हणे. सर म्हणतात अठरा पूर्ण होईपर्यंत एकाही सापाला हात लावणार नाही असा शब्द दिलाय त्यानं. मागच्या मंडईत भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, खरंच नाही ना लावला रे? "नाही जी मॅडम," म्हणाला, आणि हसला.